फायनल फॅन्टसी खेळायचंय, पण सुरू कुठून करू? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फायनल फॅन्टसी ही जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम्सची सिरीज. मेन सिरीजचेच सोळा गेम्स, त्यातल्या काहींचे सिक्वेल, मग रीमेक (नव्याने केलेले), रीमास्टर (जुनेच, सुधारलेले), वर साइडचे डझनभर, आणि नाव सगळ्यांचं एकच. नवीन माणूस गोंधळणारच ना. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. स्पॉयलर नाहीयेत, निवांत वाचा.

पहिल्यापासून क्रमाने खेळायलाच हवं का?

नाही. अजिबात नाही. प्रत्येक नंबराच्या गेमची दुनिया वेगळी, पात्रं वेगळी, आणि गोष्ट तिथेच सुरू होऊन तिथेच संपते. सातव्यातला क्लाउड आठव्यात येत नाही, दहाव्यातल्या टीडसला बाराव्यात कुणी ओळखत नाही. सारखं काय असतं तर चोकोबो नावाचे मोठे पिवळे पक्षी ज्यांच्यावर बसून फिरता येतं, मूगल नावाचे छोटे केसाळ प्राणी, मदतीला बोलावता येणारी इफ्रीट-शिवा-बहामुत ही शक्तिशाली मंडळी, मेलेल्याला उठवणारा फिनिक्स डाऊन, आणि सिड नावाचा कुणीतरी एक माणूस, जो बहुतेक वेळा विमानं नाहीतर इंजिनं यांच्यातच गुंतलेला असतो. हे सगळं माहीत नसलं तरी काही म्हणजे काही अडत नाही.

उलट, क्रमानेच जायचं म्हणून हट्टाने सुरू करणारे बरेच जण दुसऱ्यातच गळतात. पहिला १९८७ चा, निन्टेंडोच्या जुन्या फॅमिकॉम कन्सोलवरचा, साधासुधा आहे, होऊन जातो. पण दुसऱ्यात लेव्हल हा प्रकारच नाही, जे वापराल तेवढंच वाढतं, म्हणजे तलवार मारत राहिलात तर तलवार सुधारते आणि मार खाल्लात तर एचपी, म्हणजे जीव, वाढतो, मग लोक काय करायचे तर एचपी वाढवायला स्वतःच्याच पार्टीला, म्हणजे आपल्याच टोळीला, बडवत बसायचे. कल्पना भारी होती, १९८८ च्या मानाने धाडसीच, पण सिरीजशी पहिली ओळख अशी व्हावी असं मला तरी वाटत नाही.

मग नंबरांना काही अर्थच नाही का?

रिलीजचा क्रम, एवढाच अर्थ. आणि तोही एकेकाळी धड नव्हता, कारण दुसरा, तिसरा आणि पाचवा त्या काळात अमेरिकेत आलेच नाहीत, म्हणून चौथा तिकडे "दोन" म्हणून विकला गेला आणि सहावा "तीन" म्हणून. जुन्या लेखांत कुणी तिसऱ्याचं फार कौतुक करत असेल तर तो बऱ्याचदा सहाव्याबद्दल बोलत असतो. सातव्यापासून सगळीकडे एकच नंबर.

अपवाद फक्त जिथे नंबरापुढे शेपूट आहे तिथे. दहा-दोन हा दहाव्याचा सिक्वेल आहे, तेरा-दोन आणि लाइटनिंग रिटर्न्स हे तेराव्याचे. हे आधीचा न खेळता घेऊ नका, डोकं फिरेल.

बाकी सगळं ठीक, एकच नाव सांगा ना.

दहावा. एचडी रीमास्टर घ्या, त्यात दहा-दोन पण सोबतच येतो.

का ते सांगतो. २००१ चा आहे, म्हणजे इतकाही जुना नाही की चेहरे ठोकळ्यांसारखे दिसावेत, मेन सिरीजमध्ये पात्रं पहिल्यांदा इथेच आवाजात बोलली, आणि नकाशा सुरुवातीला सरळ असल्यामुळे पुढे कुठे जायचं हा प्रश्न पडत नाही. पण खरं कारण म्हणजे लढाई. यात घाईच नाही. तुमची टर्न आली की गेम थांबतो, चहा पिऊन आलात तरी शत्रू तसाच उभा. स्क्रीनच्या उजव्या बाजूला पुढच्या टर्न कुणाच्या आहेत त्याची रांग दिसते, आणि तुम्ही नुसता कर्सर हेस्टवर, म्हणजे वेग वाढवणाऱ्या जादूवर, नेलात तरी ती रांग तिथल्या तिथे बदलून दिसते की हे केलं तर कोण पुढे सरकेल. म्हणजे बटण दाबायच्या आधीच परिणाम समोर. टर्न-बेस्ड म्हणजे नुसतं ॲटॅक ॲटॅक दाबत बसणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दहा मिनिटं करून बघावं.

आणि शिकवतो पण किती व्यवस्थित. उडणारा शत्रू आला की वाक्काचा चेंडू, चपळ लांडगे आले की टीडस, जाड कवचवाला आला की ऑरन, जेलीसारखा लिबलिबित आला की त्याला तलवार लागतच नाही, तिथे लुलूची जादू. लढाई चालू असताना पार्टीतला माणूस बदलता येतो, त्यासाठी दंड वगैरे काही नाही, त्यामुळे सातही जण कामाला येतात. दोन-तीन तासांत तुम्हाला ह्या सिरीजची अर्धी भाषा आपोआप कळलेली असते.

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगायला हव्यात. एचडी रीमास्टरमध्ये कटसीन, म्हणजे गोष्टीचे मधले व्हिडिओ, स्किप होत नाहीत, आणि शेवटाकडे एका अवघड बॉसच्या आधी लांबलचक सीन आहे, हरलात की परत बघा, परत हरलात की परत बघा. पीसीवर स्पीड वाढवायची सोय आहे, तिथे थोडं सुसह्य होतं. आणि तो टीडसच्या खोट्या हसण्याचा सीन तुम्ही कुठेतरी क्लिपमध्ये बघितला असेलच, तो मुद्दामच तसा विचित्र आहे, गेममध्ये त्या जागी आलात की बरोबर वाटतो.

मला टर्न-बेस्ड झेपतच नाही, ॲक्शन हवी.

मग सोळावा. २०२३ मध्ये आला, मेन सिरीजमधला सगळ्यात सरळसोट ॲक्शन गेम, तुम्ही फक्त नायक क्लाइव्हला चालवता, बाकीचे स्वतःचं स्वतः लढतात, कुत्र्याला तेवढ्या आज्ञा देता येतात. हात चालत नसेल तर काही अंगठ्या मिळतात, त्यातली एक घातली की आपोआप चुकवाचुकवी होते, दुसरीने एकच बटण दाबत राहिलं तरी कॉम्बो निघतात. गोष्ट मात्र मोठ्यांसाठी आहे, रक्तपात आणि बाकी सगळंच, घरात लहान मुलं असतील तर टीव्हीवर लावायच्या आधी विचार करा. आणि मधेमधे साइड क्वेस्ट, म्हणजे बाजूची कामं, इतक्या रटाळ येतात की मुख्य गोष्टीचा वेगच मरतो, सुरुवातीच्या बऱ्याच सोडल्या तरी चालतील.

माझी तक्रार एकच, सोळाव्यापासून सुरू केलेला माणूस मागे यायला तयार होत नाही. पार्टी बांधणं, कुणाला काय शिकवायचं, कुठलं हत्यार कुणाला, ही ह्या सिरीजची खरी गंमत, आणि ती यात सगळ्यात कमी आहे. पण न खेळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पंधरावा पण ॲक्शनच, चार मित्र गाडीतून फिरतायत, तंबू टाकतायत, इग्निस स्वयंपाक करतोय आणि प्रॉम्प्टो फोटो काढतोय, तो भाग मस्तच. पण गोष्टीचे तुकडे बाहेर विखुरलेत, एक सिनेमा वेगळा, एक ॲनिमे वेगळं, काही भाग नंतर वेगळ्या आलेल्या डीएलसीमध्ये. पहिला म्हणून नको.

सातवा सगळ्यात फेमस आहे ना? मग तोच का नको? आणि ओरिजिनल की रीमेक?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावरच सगळ्यात जास्त भांडणं.

आधी काय काय आहे ते. १९९७ चा मूळ गेम, प्लेस्टेशनवर तीन डिस्कचा, गोष्ट अख्खी. मग त्याच गोष्टीचं नव्याने केलेलं रूप, ते तीन भागांत, पैकी पहिला रीमेक २०२० चा आणि दुसरा रीबर्थ २०२४ चा. शिवाय क्रायसिस कोअर, जो मूळ गोष्टीच्या आधीचा काळ दाखवतो, त्याची रीयुनियन नावाची सुधारलेली आवृत्ती २०२२ ची. लोक "सातवा घेतला" म्हणतात तेव्हा ह्यातला कुठला हे विचारल्याशिवाय सल्ला देऊच नये.

रीमेक म्हणजे तोच गेम नव्या ग्राफिक्समध्ये, असं समजून घेऊ नका. मूळ गेममध्ये मिडगार शहर पाच-सहा तासांत मागे पडतं, रीमेक अख्खा त्या शहरातच आहे, तीस-चाळीस तास. आणि पुढे तो मूळ गोष्टीशी मुद्दाम खेळतो, काही प्रसंग असे आहेत की मूळ काय झालं होतं हे ठाऊक असलेल्यालाच त्यातला धक्का कळतो, नवख्याला वाटतं हे मधेच काय आलं.

म्हणून माझं मत, ठोकळे सहन होत असतील तर आधी १९९७ चा. हात म्हणजे नुसते लाकडाचे तुकडे वाटतात आणि इंग्रजी भाषांतर जागोजागी कच्चं आहे, पण मटेरियाची, म्हणजे हत्यारात बसवायच्या जादूच्या गोळ्यांची, सिस्टम आजही तेवढीच चटक लावते. साधं उदाहरण बघा, तलवारीत दोन जोडलेली भोकं आहेत, एकात बरं करायचा रिस्टोअर मटेरिया, शेजारी ऑल मटेरिया, झालं, आता क्युअर ही बरं करणारी जादू एकावर नाही तर अख्ख्या पार्टीवर पडते. रिस्टोअर काढून आगीचा मटेरिया घाला, तीच आग सगळ्या शत्रूंवर. मटेरिया काढून दुसऱ्याला दिला की ती ताकद त्याच्याकडे. एवढंच, पण ह्या जोड्या जमवण्यात तास कसे जातात कळत नाही. नव्या आवृत्तीत तीनपट स्पीड आहे, वाटेत अचानक येणाऱ्या लढाया बंद पण करता येतात.

ठोकळे सहन होणारच नसतील तर स्वतःला त्रास देऊ नका, रीमेक घ्या, फक्त काही गोष्टी डोक्यावरून जाणार एवढं धरून चला. क्रायसिस कोअरने मात्र सुरुवात नको. आधीचा काळ असला तरी मूळ गेम जे हळूहळू उलगडतो ते तो सरळ सांगून टाकतो.

जुने पिक्सेलवाले आज खेळवतात का?

खेळवतात, आणि पिक्सेल रीमास्टर नावाच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्यापासून पहिले सहाही मिळवणं सोपं झालंय. २०२१-२२ मध्ये पीसी आणि मोबाइलवर एकेक करून आले, २०२३ मध्ये स्विच आणि प्लेस्टेशनवर. एक्स्पीरियन्स वाढवायची सोय आहे, अचानक येणाऱ्या लढाया बंद करायची सोय आहे, त्यामुळे तासन् तास ग्राइंडिंगची, म्हणजे लेव्हल वाढवायला त्याच त्या लढाया लढण्याची, भीती आता जुनी झाली.

सहात कुठला? गोष्टीसाठी सहावा, १९९४ चा. चौदा जण पार्टीत येऊ शकतात, केफ्कासारखा व्हिलन सिरीजमध्ये परत झालाच नाही असं माझं ठाम मत, आणि गेमच्या मध्यावर असं काही होतं की पुढचा अर्धा गेम वेगळ्याच पद्धतीने खेळावा लागतो. बास, यापुढे सांगत नाही.

प्रयोग करायची हौस असेल तर पाचवा. गोष्ट हलकीफुलकी आहे, कधीकधी पोरकट पण, पण जॉब सिस्टम, म्हणजे प्रत्येकाला हवा तो पेशा द्यायची सोय, म्हणजे खजिना. नाइटला थोडं शिकवा, मग तोच माणूस ब्लॅक मेज, म्हणजे जादूगार, करा आणि नाइटचं एक कौशल्य त्याला लावा, अशी चार जणांची मोट बांधा, बॉस जिंकला नाही तर जॉब बदला आणि परत या. इथे हरणं म्हणजे लेव्हल कमी पडली असं नसतं, बऱ्याचदा जोडणी चुकलेली असते.

चौथा छोटा आणि वेगवान. पार्टीत कोण असणार हे गोष्टच ठरवते, तुम्ही नाही. एटीबी, म्हणजे तुम्ही विचार करताना पण घड्याळ चालू, ती पद्धत इथून सुरू झाली आणि पुढे नवव्यापर्यंत टिकली. सेटिंगमध्ये वेट मोड मिळतो, नवीन असाल तर आधी तो लावून ठेवा.

आठवा आणि नववा?

नववा डोळे झाकून घ्या. २००० चा, परीकथेसारखा, टोपीवाला व्हिव्ही ज्याला आवडला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. लढाया मात्र सुरू व्हायला फार वेळ लागतो, फास्ट-फॉरवर्ड असलेली नवी आवृत्तीच घ्या. दहाव्याच्या जागी कुणी नववा सुचवला तर मी वाद घालणार नाही.

आठवा पहिला म्हणून नको. वाईट आहे म्हणून नाही, उलटा आहे म्हणून. इथे तुमच्या लेव्हलसोबत शत्रूंची पण लेव्हल वाढते, त्यामुळे बाकीच्या गेम्सची सवय घेऊन जो लढत सुटतो त्याला गेम सोपा व्हायच्या ऐवजी जडच होत जातो. जादू ही नेहमीसारखी एमपीवर, म्हणजे जादूच्या पॉइंटवर, चालत नाही, शत्रूकडून ओढून साठवायची, आणि साठवलेली जादू स्वतःच्या ताकदीला जोडायची, मग वापरली की ताकद कमी. ह्याच्यामुळे लोक एकेका शत्रूसमोर उभं राहून शंभर शंभर जादू ओढत बसतात आणि कंटाळून सोडतात. तोड अशी की त्यातला पत्त्यांचा खेळ खेळा, पत्ते जिंका, त्यांच्या वस्तू करा आणि वस्तूंचं जादूत रूपांतर करा. सुरुवातीलाच हे कळलं तर गेम खिशात.

बारावा आणि तेरावा यांच्याबद्दल इतकी टोकाची मतं का?

बारावा गॅम्बिट नावाच्या पद्धतीमुळे. प्रत्येकाला आधीच नियम लावून ठेवायचे, सोबत्याचा एचपी चाळीस टक्क्यांच्या खाली गेला तर क्युअर, नाहीतर लीडर ज्याला मारतोय त्यालाच मार, आणि वरचा नियम आधी. नियम नीट लावले की लढाई आपोआप चालते, आणि काहींना हेच आवडत नाही, म्हणतात मग मी काय करायचं. अहो नियम लावणं हाच खेळ आहे! ज्यांना कोडिंग किंवा एक्सेलचे फॉर्म्युले लावायला आवडतात त्यांनी झोडियाक एज ही आवृत्ती नक्की बघावी, त्यात चारपट स्पीड पण आहे. राजकारणाची गोष्ट आहे, प्रेमकथा शोधू नका.

तेराव्यात दहा चॅप्टर होईपर्यंत एकाच वाटेवर चालायचं, अकराव्यात मोकळं मैदान मिळतं. लढाई छान, पोचेपर्यंतचा रस्ता लांब. नंतर कधीतरी.

चौदावा फुकट आहे म्हणतात, तिथून सुरू करू का?

चौदावा ऑनलाइन आहे, हजारो लोकांसोबत, पुढे दरमहा पैसे भरायचे असा. २०१० ला आलेली पहिली आवृत्ती इतकी फसली की ती बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभी केली. फ्री ट्रायल मात्र खरंच अफाट आहे, लेव्हल ७० पर्यंत, पहिल्या दोन एक्सपान्शनसकट (म्हणजे नंतर जोडलेले मोठे भाग), वेळेची मर्यादा नाही. काही बंधनं आहेत पण गोष्टीसाठी खेळणाऱ्याला फारशी जाचत नाहीत. एक लक्षात ठेवा, एकदा पैसे भरून अकाउंट पुढे नेलं की त्याच अकाउंटवर परत ट्रायलला येता येत नाही, म्हणून सेल दिसला की लगेच विकत घेऊ नका, ट्रायल संपवा आधी.

पण सिरीजची ओळख म्हणून? सुरुवातीचे पन्नासेक तास निरोप पोचव, हे आण, ते दे यातच जातात, हेवन्सवर्ड ह्या पहिल्या एक्सपान्शनपासून गाडी रुळावर येते. एकट्याने संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्याला मी आधी दहावा किंवा नववाच देईन.

टॅक्टिक्स वेगळी सिरीज आहे का?

नावापुढे टॅक्टिक्स असलेला १९९७ चा गेम बुद्धिबळासारख्या चौकटींवरचा आहे, मेन नंबरांत तो मोडत नाही, त्याची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. लेखन अख्ख्या सिरीजमध्ये वरच्या दर्जाचं. पण कठीण आहे, आणि जुन्या आवृत्तीत एक जीवघेणा सापळा आहे, रिओव्हानेस किल्ल्यात सलग लढायांच्या मधे सेव्ह करायला देतात, पुढे नायक रामझाला एकट्याने व्हीग्राफ नावाच्या बॉसशी लढायचं असतं, आणि रामझा कच्चा असेल तर मागे फिरून लेव्हल वाढवायला वाटच नाही. एकाच फाइलवर सेव्ह केलेल्यांनी तिथून अख्खा गेम परत सुरू केलाय. दोन-तीन वेगवेगळ्या फाइल ठेवा, टॅक्टिक्सच नाही, कुठल्याही जुन्या गेममध्ये.

दुसऱ्या लांब सिरीजनाही हाच नियम का, कुठूनही सुरू?

नाही हं. ड्रॅगन क्वेस्टचा अकरावा सरळ उचला, चालतो. पण मास इफेक्टमध्ये पहिल्यातले निर्णय सेव्हसोबत तिसऱ्यापर्यंत जातात, तिथे पहिल्यापासूनच. ट्रेल्सचं तर विचारूच नका, गेममागून गेम तीच दुनिया पुढे सरकते, ती ट्रेल्स इन द स्कायच्या पहिल्या भागापासूनच.

गाइड उघडून खेळू की नको?

पहिल्यांदा नको. निदान गोष्ट संपेपर्यंत नको, कारण प्रत्येक पेटी उघडलीच पाहिजे अशा नादाला लागलात की गेमपेक्षा गाइडच जास्त वाचाल. बाराव्यात तर मूळ आवृत्तीत चार ठरावीक पेट्या उघडल्या की सगळ्यात भारी भाला त्याच्या ठरलेल्या जागी मिळत नसे, आणि हे गेम कुठेच सांगत नसे, त्याला काय अर्थ आहे? झोडियाक एजमध्ये ते काढून टाकलंय.

दहाव्यापुरती एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, गोष्टीचं काही फुटत नाही. देवळांमध्ये गोळे इकडून तिकडे लावायची कोडी असतात, प्रत्येकात डिस्ट्रक्शन स्फीअर नावाचा एक जास्तीचा गोळा असतो आणि त्याने एक पेटी उघडते. बेसाइड आणि मकलानिया ह्या दोन देवळांत ती पेटी तेव्हाच उघडून घ्या. एचडी रीमास्टरमध्ये नंतर परत गेलात की वाटेवर असा बॉस उभा असतो की एका फटक्यात अख्खी पार्टी आडवी, आणि सगळ्या देवळांतल्या पेट्या झाल्याशिवाय एक महत्त्वाचा एऑन (लढाईत बोलावता येणारा शक्तिशाली प्राणी) मिळत नाही.